पाटीवरची भाषा आणि उंबरठ्याआतली भाषा

भाषेच्या रक्षणासाठी दुकानांच्या पाट्यांकडे धाव घेण्याची रीत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. महाराष्ट्राने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली. कर्नाटकाने २०२४ साली पाटीचा किमान ६० टक्के भाग कन्नडने व्यापलेला असावा असा दंडक घातला. राज्याची भाषा राज्याच्या रस्त्यावर ठळक दिसावी, ही इच्छा रास्तच आहे आणि तिला नाके मुरडण्याचे आम्हाला काहीच कारण दिसत नाही. तथापि पाटी बदलली म्हणजे भाषा तरली, असे समाधान मानून समाज स्वस्थ बसणार असेल, तर वेळीच दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गोव्याहून लोंढ्याच्या वाटेने घाट चढून गेलेला आपल्याकडचा माणूस हुबळीला उतरला, की खरेदीसाठी त्याची पावले कोप्पीकर रोडकडे वळतात. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून हुब्बळ्ळी असे झाले. मराठी तोंडात ते हुबळीच राहिले आहे. रस्त्याचे नाव मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला परके वाटत नाही. कोप्पीकर हे आडनाव उत्तर कन्नडच्या सारस्वतांत आढळते, आणि त्याच्या शेवटचा ‘कर’ हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. एकोणिसाव्या शतकात हुबळी-धारवाडचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात येई आणि तेथून गलबतांनी मुंबईस जाई. किनाऱ्यावरची माणसेही व्यापारासाठी, वकिलीसाठी, नोकरीसाठी घाट चढली आणि देशावर स्थिरावली. अशा रस्त्यावर एकाच गल्ल्यापाशी तासाभरात कन्नड, मराठी, कोंकणी आणि दखनी उर्दू कानी पडावी, यात नवल नाही. दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे किती मोठी असावीत, हे कायदा ठरवू शकतो. परंतु दुकानदार रात्री घरी गेल्यावर आपल्या नातवाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. आणि भाषेचे मरणजगणे तर तेथेच ठरत असते.

हे आमचे केवळ तर्कट नव्हे. पाट्यांची लढाई पूर्णपणे जिंकूनही घरातली लढाई बव्हंशी हरलेला एक देश जगाच्या पाठीवर आहे. तो देश म्हणजे आयर्लंड.

आयर्लंडचे नाव आपल्याकडे नवे नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयरिश चळवळीतूनच घेतलेला होता. वंगभंगाच्या काळात स्वदेशीच्या जोडीने ‘बहिष्कार’ हे शस्त्र आपण उचलले. त्याचा इंग्रजी पर्याय असलेला ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कुळांनी एका जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकले, त्या कारभाऱ्याच्या आडनावावरून जगभर पसरला. विदर्भातील बडनेऱ्यात जन्मलेले पुरोहित स्वामी आणि आयरिश महाकवी येट्स या दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. आणि अगदी अलीकडची गोष्ट सांगायची, तर मालवण तालुक्यातील वराड या गावाचे नाव आडनावात वागवणारे लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मुंबईत वाढलेले डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातील आयरिश परिचारिका. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ असे दोन वेळा त्यांनी ते पद भूषविले, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते आपले वाडवडिलांचे गाव पाहून गेले. त्या देशात पंतप्रधानाला इंग्रजी बोलतानाही ‘टीशक’ म्हणतात, आणि हा शब्द आयरिश भाषेतला आहे. कोकणातील एका खेड्याचे नाव आणि आयरिश भाषेतील एक पदवी अशी शेजारी शेजारी येऊन बसली. दोन्ही नावे आपापल्या मूळ मातीपासून किती दूर आली आहेत, हा विचार त्या वेळी कितीजणांच्या मनात आला असेल?

आयर्लंडची भूमी कोकणी माणसाला ओळखीची वाटावी अशी आहे. पश्चिमेला खवळलेला महासागर, वर्षभर रेंगाळणारा पाऊस, खडकाळ जमिनीतून वेचलेल्या दगडांचे गडगे आणि त्या गडग्यांनी आखलेले हातरुमालाएवढे तुकडे. जमीन थोडी, तोंडे फार आणि मालक परका. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि त्या एकाच पिकावर जगणाऱ्या गोरगरिबांवर आकाश कोसळले. पुढील सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली व तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात देशातील धान्य जहाजांत भरून बाहेर जातच होते. १८४१ साली त्या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. आज पावणेदोन शतकांनंतरही ती त्या आकड्याला पोचलेली नाही. असा घाव क्वचितच एखाद्या देशाच्या वाट्याला आला असेल.

त्यानंतर परदेशी जाणे हा तेथील घराघराचा धर्मच झाला. कॉर्कजवळच्या बंदरातून शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसे बाहेर पडली. मुलगा अमेरिकेस निघाला, की आदल्या रात्री मयताच्या घरी जागतात तसे गाव त्याच्या घरी जागे, कारण तो पुन्हा दृष्टीस पडणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. मग महिन्यामहिन्यांनी अमेरिकेहून पत्र येई, त्यात पैसे असत आणि त्यांवर घर चाले. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील माउल्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. चाकरमान्यांचे दुःख सगळ्या किनाऱ्यांवर सारखेच.

भाषेचा घात येथेच झाला. ज्या मुलाला पुढे-मागे बोस्टन किंवा न्यूयॉर्क गाठायचे आहे, त्याला आयरिश कशाला हवी? १८३१ पासून सरकारी देखरेखीच्या शाळा निघाल्या आणि त्यांत शिकवण इंग्रजीतून होती. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. त्याने आयरिश शब्द उच्चारला की काठीवर खूण करीत आणि दिवसाअखेर खुणा मोजून शिक्षा होई. या कथेतला काळजाला चटका लावणारा भाग छडी मारणाऱ्या मास्तराचा नाही. घरी ती खूण अनेकदा आईबापच करीत, हा आहे. ते दुष्ट नव्हते. मुलाच्या पोटावर त्यांची माया होती, म्हणूनच त्यांनी आपल्या जिभेवर पाणी सोडले. १८५१ च्या खानेसुमारीत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १८९१ मध्ये ते सात लाखांच्याही खाली आले. चाळीस वर्षांत निम्म्याहून अधिक भाषा घराच्या उंबरठ्यावरून नाहीशी झाली, आणि त्या उंबरठ्यावर पहारेकरी मात्र कोणी नव्हता.

याउलट जे लोकांनी आपल्या हाती ठेवले ते तग धरून राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सत्तेने आयरिश कॅथलिकांवर निर्बंधांचे कायदे लादले, त्यांच्या बिशपांना हद्दपार केले. तेव्हा लोक रानात, माळावर, एखाद्या सपाट खडकाला वेदी मानून त्याच्याभोवती उपासनेसाठी गोळा होऊ लागले. ते खडक आजही दाखवले जातात. आमच्या गोमंतकीय वाचकाला हे वाचून आपल्या देवांचे स्थलांतर आठवल्याखेरीज राहणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्याचा सपाटा लावला, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. १६८४ साली तर लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान निघाले. ते फर्मान दप्तरात राहिले. बोली लोकांच्या तोंडी राहिली. येथे कॅथलिक सत्ता छळ करीत होती आणि तेथे कॅथलिक प्रजाच छळ सोशीत होती, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. जुलूम कोणत्या एका धर्माच्या अंगी नसतो, तो सत्तेच्या अंगी असतो. आणि त्याला पुरून उरण्याचे बळ कोणत्याही धर्माच्या साध्या माणसात असते.

आता आयर्लंडने भाषेच्या उद्धारासाठी काय केले ते पाहू. डग्लस हाइड या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या मुलाने १८९२ साली एका व्याख्यानात आपल्या देशबांधवांना इंग्रजी वळणाचे अनुकरण सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढल्या वर्षी जुलै महिन्यात गेलिक लीग स्थापन झाली. तिच्या वर्गांतून शेतकरी, कारकून, शिक्षक आपलीच विसरलेली भाषा पुन्हा गिरवू लागले. याच हाइड यांना १९३८ साली त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होण्याचा मान मिळाला.

याच्या तीनच वर्षे आधी, १८९० च्या जुलै महिन्यात, हुबळीचे जुळे शहर असलेल्या धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला होता. रा. ह. देशपांडे हे त्याचे संस्थापक. कन्नड भाषेला तिच्याच घरात मान मिळावा, हा त्याचा हेतू. तिचा मान कोणी हिरावला होता? येथे मराठी वाचकाने थोडे अंतर्मुख होणे बरे. पेशवाई १८१८ साली बुडाली तरी धारवाडकडच्या कचेऱ्यांत आणि शाळांत दीर्घकाळ मराठीचाच वरचष्मा होता. कन्नड घरातल्या मुलाला शाळेत मराठीतून धडे गिरवावे लागत. आयर्लंडमध्ये इंग्रजी जे स्थान बळकावून बसली होती, तसलेच स्थान त्या भागात काही काळ मराठीकडे होते. सीमाभागातील मराठी माणसाच्या भावनांविषयी आम्हाला नितांत आदर आहे आणि त्याच्या मुलांना मराठीतून शिकता यावे, असे आम्ही आवर्जून म्हणतो. परंतु आपल्या भाषेवरचा अन्याय ज्याला बोचतो, त्याने आपल्या भाषेकडून झालेला अन्यायही नजरेआड करू नये. तसे केल्याने आपली मागणी दुबळी होत नाही. उलट तिला नैतिक अधिष्ठान लाभते.

१९२२ मध्ये आयर्लंडचे बव्हंशी स्वतंत्र राज्य झाले आणि भाषेला राजाश्रय मिळाला. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली अधिकृत भाषा ठरविली, इंग्रजीला दुसरे स्थान दिले. शाळेत प्रत्येक मुलाला ती शिकावी लागते. रस्त्यावरच्या प्रत्येक फलकावर ती इंग्रजीच्या वर लिहिलेली असते. २००७ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतही तिची गणना होते. राजाराणींची नावे दिलेली शहरे स्वातंत्र्यलढ्याच्या काळातच, १९२० साली, बदलण्यात आली. किंग्जटाऊनचे डन लीरी झाले, क्वीन्सटाऊनचे कोव्ह झाले. यातली गंमत अशी, की ‘कोव्ह’ हा मुळात खाडीवाचक इंग्रजी शब्दच. त्याला आयरिश लेखनाचा अंगरखा घालून पुन्हा पाटीवर बसविले गेले. पाटीवरचे यश बहुधा असेच असते. डिंगल नावाच्या किनाऱ्यावरील गावात तर २००५ साली केवळ आयरिश नाव ठेवण्याचा हुकूम आला, तेव्हा गावकरीच त्याविरुद्ध उभे ठाकले, त्यांनी मतदान घेतले, आणि २०११ मध्ये सरकारला कायदा बदलून माघार घ्यावी लागली.

शंभर वर्षांच्या या राजाश्रयाचे फळ काय? २०२२ च्या खानेसुमारीत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे शेकडा ४० जणांनी, आपल्याला आयरिश येते असे सांगितले. परंतु शाळेच्या बाहेर रोज ती बोलणारे निघाले अवघे ७२ हजार. आयरिश बोलीचे प्रदेश म्हणून सरकारने ज्यांना विशेष दर्जा दिला आहे, त्या भागांत हा आकडा जेमतेम २० हजारांचा. घटनेत पहिली, फलकावर वरची, परीक्षेत सक्तीची, आणि स्वयंपाकघरात परकी, अशी तिची स्थिती झाली.

त्याच देशात दुसरेही एक चित्र दिसते. १८८४ साली काही मंडळींनी थर्ल्स गावी एकत्र येऊन देशी खेळांची संघटना काढली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे खेळ. आजही तिचे खेळाडू पगारी नाहीत. मास्तर, सुतार, शेतकरी आपापल्या गावासाठी आणि परगण्यासाठी खेळतात, आणि अंतिम सामन्याला डब्लिनच्या मैदानावर ८० हजारांहून अधिक लोक लोटतात. देशी संगीताचेही तसेच. व्हायोलिन, बासरी घेऊन चारचौघे संध्याकाळी कोपऱ्यात बसतात, बाप वाजवतो ते मुलगी ऐकून उचलते. खेळ आणि सूर लोकांनी कोणावर सोपविले नाहीत, स्वतःच सांभाळले. म्हणून ते जिवंत राहिले. भाषा मात्र सरकारच्या ओटीत घातली, आणि आपण मोकळे झालो असे मानले. अलीकडे पालकांनी स्वतः पुढाकार घेऊन आयरिश माध्यमाच्या शाळा काढल्या आहेत आणि त्यांची संख्या वाढत आहे. भाषेच्या त्या देशातील भवितव्याविषयी आशा बाळगावी असे काही असेल, तर ते आम्हाला या शाळांत दिसते, कारण तेथे हुकूम वरून आलेला नाही, ओढ घरातून आलेली आहे.

हा धडा आपण कसा घ्यायचा? एका भाषेने दुसरीचा गळा धरावा, असा त्याचा अर्थ नव्हे. धारवाडनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नडला थोर काव्य दिले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी झाले. जी. ए. कुलकर्णी त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत राहिले, भोवती कन्नडचा घोष असताना मराठी कथेला त्यांनी अपूर्व उंचीवर नेले. कोणाच्या पाटीने त्यांना अडविले नाही, कोणाच्या पाटीने त्यांना घडविलेही नाही. दोन भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात. फक्त त्या घरात त्या बोलल्या गेल्या पाहिजेत.

आमच्या किनाऱ्यावर मात्र अनेक वर्षे वेगळेच चालले आहे. मराठी मोठी की कोंकणी मोठी, या वादात आम्ही पिढ्या घालविल्या. १९८७ साली गोव्यात राजभाषेचा कायदा झाला, कोंकणीला राजभाषेचा मान मिळाला, मराठीच्या वापरालाही वाव ठेवण्यात आला. तरीही वाद शमला नाही. २०११ साली प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून पुन्हा वादळ उठले. या दोन बहिणी माजघरात भांडत असताना पुढल्या दारी कोण येऊन बसले, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आज पणजी, मडगाव, कारवार किंवा हुबळीतल्या सुशिक्षित घरात डोकावून पाहावे. आजी कोंकणीत विचारते, आई मराठी-इंग्रजीची भेसळ करून बोलते, आणि नातू निव्वळ इंग्रजीत उत्तर देतो. कोणी त्याच्या गळ्यात काठी अडकविलेली नाही. आयरिश आईबापांना निदान दुष्काळाची आणि उपासमारीची सबब होती. आम्हाला कोणती आहे?

इंग्रजीविषयी आमच्या मनात वैर नाही. ती पोटाची भाषा आहे, ज्ञानाची भाषा आहे, मुलांनी ती उत्तम शिकावी. परंतु इंग्रजी यावी म्हणून आजीची भाषा जावी लागते, हा समज खोटा आहे. दोनतीन भाषा सहज बोलणाऱ्या कोप्पीकर रोडवरच्या साध्या विक्रेत्यानेही तो कधीच खोटा ठरविला आहे. जेवणाच्या पंगतीत मुलांशी आपली भाषा बोलणे, रात्री त्यांना आपल्या बोलीत गोष्ट सांगणे, जत्रेला, दशावताराला, भजनाला हात धरून नेणे, वाडीचे, शेताचे, ओहोळाचे, कुणग्याचे नाव त्यांच्या कानावर घालणे, यासाठी विधानसभेचा ठराव लागत नाही. सरकारने शाळा काढाव्यात, ग्रंथालये चालवावीत, शिक्षक नेमावेत. ते त्याचे कामच आहे आणि त्यात कसूर झाली तर आम्ही त्याला जाब विचारू. परंतु सरकारला जाब विचारण्यापूर्वी आपण आपल्या घरात कोणत्या भाषेत बोललो, याचा जाब स्वतःस द्यावा लागेल.

‘कर’ लावून आपण आपले गाव जगभर नेतो. बोस्टन असो, डब्लिन असो की हुबळी, आडनाव पुसले जात नाही. परंतु आडनाव हे भाषेचे शेवटचे टरफल आहे. आतला गर उरला नाही, तर वराड काय, कोप्पीकर काय, ती अक्षरे उच्चारणाऱ्यालाही अर्थ न उमगणारी होतील. आयरिश माणसाने आपल्या घरातली भाषा गमावून मग शंभर वर्षे ती पाट्यांवर शोधली. आपल्या घरात ती अजून, कोठे क्षीण तर कोठे खणखणीत, पण ऐकू येते आहे. ती ऐकू येते आहे तोवर तिला उत्तर द्यावे, एवढेच आमचे वाचकांस कळकळीचे सांगणे आहे.